डॉक्टर, मी खुर्चीतून उठताना एकदा वर बघा

ज्येष्ठ नागरिकांची वार्षिक तपासणी करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,
स. न. वि. वि.

मी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. भौतिकशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षं गेली. दरवर्षी एकदा तुमच्यापैकी एकांकडे तपासणीला येते. उपाशीपोटी रक्त, दोन तासांनी पुन्हा रक्त, लघवी, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, एखाद्या वर्षी हाडांची घनता. फाईल आता इतकी जाड झाली आहे की तिला दोरी बांधावी लागते. शेवटी तुम्ही पानं उलटता, एकदोन आकड्यांभोवती पेनने गोल काढता आणि म्हणता, "आजी, रिपोर्ट एकदम छान आहेत. फिरणं चालू ठेवा, जपून राहा."

मग मी उठते. दोन वर्षांपूर्वी कशी उठले ते सांगते, कारण ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. एक हात तुमच्या टेबलाच्या कडेवर, दुसरा खुर्चीच्या हातावर. पावलं मागे ओढून घेतली, पुढे झुकून झोका घेतला. पहिल्या झोक्यात जमलं नाही, दुसऱ्यात उठले. डॉक्टर तेव्हा मान खाली घालून फाईलवर पुढच्या वर्षीची तारीख लिहीत होते. त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी तीन-चार सेकंदांत होऊन गेली आणि तिचा रिपोर्ट कोणीच लिहिला नाही.

पाच आठवड्यांनी मी घरात पडले. पडल्यावर जो तो विचारतो, चक्कर आली होती का? नव्हती आली. फरशी ओली होती का? नव्हती. दारातल्या पायपुसण्याच्या दुमडलेल्या कडेत पायाचं बोट अडकलं, एवढंच. अडखळल्यावर माणूस दुसरा पाय झटकन पुढे टाकतो आणि सावरतो. माझाही पाय निघाला होता. मला तो निघालेला कळला, हे अजून स्पष्ट आठवतं. पण तो पोचायच्या आत फरशी आली. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये गेला. फाईलमधले सगळे रिपोर्ट त्याही दिवशी छानच होते.

प्लॅस्टरमध्ये बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की जी गोष्ट मी ३१ वर्षं फळ्यावर लिहिली, ती मला माझ्याच मांड्यांत दिसली नाही. आपण बोलताना जोर, ताकद, बळ, शक्ती हे शब्द कसेही वापरतो. वर्गात तसं चालत नाही. तिथे बल वेगळं, शक्ती वेगळी. शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ. तीच पेटी दुसऱ्या मजल्यावर एकाने एका मिनिटात नेली आणि दुसऱ्याने पाच मिनिटांत, तर दोघांनी केलेलं कार्य सारखंच. पण पहिल्याची शक्ती पाचपट. हा प्रश्न मी कितीदा परीक्षेत घातला असेन. अडखळल्यावर सावरायला हीच भागिले वेळवाली शक्ती लागते. पाय किती भार पेलू शकतो हे तेव्हा पुरत नाही. सेकंदाच्या छोट्याशा भागात तो किती जोर लावू शकतो, यावर सगळं ठरतं. स्नायूला आपला पूर्ण जोर गाठायलाच सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लागतो. अडखळलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो.

तुमच्याच क्षेत्रात हे कधीच मोजून झालेलं आहे. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ६५ ते ८९ वयाच्या ५० पुरुषांच्या आणि ५० स्त्रियांच्या पायांची परीक्षा घेतली. ही सगळी माणसं निरोगी होती. आजारी माणसं त्यांनी मुद्दाम वगळली होती. वयागणिक जोर वर्षाला १ ते २ टक्के कमी दिसला. पाय झटक्यात सरळ करण्याची शक्ती मात्र वर्षाला साडेतीन टक्के. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकमेकांशी तुलना केलेली होती, एकाच माणसाचा वीस वर्षं माग काढलेला नव्हता, हे मला कळतं. पण पुढच्या अभ्यासांतही सूर तोच आहे: आधी जाते ती चपळाई, जोर तिच्या मागून. आणि जाते ती निरोगी माणसाची. बीपी नाही, शुगर नाही, गुडघेही फारसे कुरकुरत नाहीत, अशा माणसाची.

कारणही तुम्हाला पाठ असेल. मला ते पुस्तकं चाळून कळलं आणि त्याचं फार आश्चर्य वाटलं. स्नायूत मंद आणि जलद अशा दोन जातींचे तंतू असतात. मंद तंतू दिवसभर न थकता राबतात. जलद तंतू उडी मारायला, झटकन वळायला, पडताना सावरायला. वय वाढतं तसे हे जलद तंतू जास्त बारीक होत जातात. शिवाय मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात, त्यातल्या काही मरतात. त्यांचे तंतू पोरके होतात. काही तसेच सुकून जातात, काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते. पण दत्तक घेणारी मंद जातीची असेल तर तंतूही तिच्याच चालीचा होतो. म्हणजे मांडी टेपने मोजली तर जवळपास तेवढीच भरेल, आणि आतली माणसं मात्र बदललेली असतील.

आता तुमच्या आवडत्या सल्ल्याकडे येते. फिरायला जा. फिरणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. हृदयाला, साखरेला, मनाला, झोपेला ते चांगलंच. पण सपाट रस्त्यावर आपल्या सवयीच्या चालीने चालताना काम करतात ते मुख्यतः मंद तंतू. जलद तंतूंना त्या तासाभरात कोणी हाकच मारत नाही. याचा पुरावा माझ्या घरातच आहे. आमचे हे ७६ वर्षांचे. रोज सकाळी तासभर चालतात, पाऊस असला तरी. मोबाईलमधले पावलांचे आकडे सगळ्यांना दाखवतात. मागच्या प्रवासात बॅग उचलून डोक्यावरच्या रॅकवर ठेवायला गेले आणि छातीपर्यंत नेऊन थांबले. वरही जाईना, खालीही ठेववेना. एका कॉलेजच्या मुलीने ती घेतली. घरी आल्यावर म्हणाले, बॅग फार भरली होतीस. बॅग नेहमीचीच होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्ये ६५ च्या पुढच्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितलेली आहे. तुम्ही आम्हाला सांगता ते एवढंच. त्याच कागदावर पुढे आहे: स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस, आणि तोल व ताकद या दोन्हींवर भर देणारा मिश्र व्यायाम किमान ३ दिवस. पहिली ओळ तेवढी आमच्यापर्यंत पोचते, बाकीच्या वाटेत कुठे गळतात ते मला कळत नाही. तुम्ही बीपीची गोळी देताना "गोळी घेत जा" एवढंच लिहिता का? नाव लिहिता, मिलिग्रॅम लिहिता, सकाळी की रात्री ते लिहिता, महिन्याने बोलावता आणि आकडा बघून मात्रा बदलता. व्यायामाच्या वाट्याला मात्र फक्त "फिरत जा" येतं, तेही तोंडी, मी दारापर्यंत पोचल्यावर.

माझं मनगट जुळल्यावर मला फिजिओथेरपीला पाठवलं. पाठवलं मनगटासाठी. तिथली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने मनगटाकडे बघायच्या आधी विचारलं, "पडलात कशा? जरा खुर्चीतून उठून दाखवता?" मी टेबल शोधायला लागले. तिने टेबल सरकवलं, खुर्ची भिंतीला टेकवली, माझे हात छातीवर फुली करून ठेवायला सांगितले आणि घड्याळ लावलं. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं, एवढीच ती चाचणी. बैठक साधारण ४३ सेंटिमीटर उंच हवी, पाठ सरळ, पाय जमिनीवर. माझ्या वयाच्या, म्हणजे ७० ते ७४ मधल्या बाईला १० वेळाही जमलं नाही तर ते सरासरीच्या खाली, पुरुषाला १२. आणि हातांचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य.

मला शून्य मिळालं. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या बाईला ते कसं लागलं असेल, याची कल्पना तुम्ही करा. रडू आलं नाही, राग आला. या चाचणीला ना सुई लागते, ना लॅब, ना उपाशीपोटी यावं लागत. लागते ती एक खुर्ची आणि एक घड्याळ. दोन्ही तुमच्या खोलीत आहेत. ही चाचणी १९९० च्या दशकापासून वापरात आहे. मी वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसून माझं कोलेस्टेरॉल ऐकत होते.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण एका डॉक्टरांनी ते तोंडावर दिलं. "आजी, बाहेर चाळीस पेशंट बसलेत." खरं आहे, मी त्यांच्यातच बसलेली असते. पण ३० सेकंदांची चाचणी तुम्हीच घ्यायला हवी असं नाही. वजन-उंची घेणारी मदतनीस ती घेऊ शकते. ती तशीही आम्हाला काट्यावर चढवतेच. काट्यावर चढताना भिंत धरली का, एवढं तिने लिहून ठेवलं तरी सुरुवात झाली.

दुसरं उत्तर असतं, या वयात वजनं उचलून कुठे काही मोडलं तर? या भीतीला माझा विरोध नाही, फक्त ती किती जुनी आहे ते सांगते. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या, साधारण ९० वर्षांच्या १० जणांकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचा चांगला जड व्यायाम आठ आठवडे करून घेतला. अगदी फुलासारखी, जपून ठेवलेली माणसं. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे अडीचपटीच्या वर. मांडीचा स्नायू आकाराने वाढला ९ टक्केच. या दोन आकड्यांतली तफावत मला फार बोलकी वाटते. पहिल्या काही आठवड्यांत वाढतं ते मुख्यतः मांस नव्हे. मेंदू आणि चेता झोपलेल्या तंतूंना पुन्हा हाक मारायला शिकतात. चार वर्षांनी संशोधकांच्या त्याच गटाने १०० जणांवर हे करून पाहिलं. त्यांचं सरासरी वय ८७. दहा आठवड्यांत जोर दुपटीच्या वर गेला, आणि व्यायामाविना नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांना त्या पेयाचा काही फायदा दिसला नाही. पावडरचे डबे लिहून देणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

पडून राहण्याचं काय होतं तेही मोजलेलं आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सरासरी ६७ वर्षांच्या ११ धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, खाणंपिणं व्यवस्थित होतं. दहा दिवसांत पायांचं जवळपास एक किलो स्नायूवजन गेलं आणि गुडघा सरळ करण्याचा जोर १५ टक्क्यांच्या आसपास उतरला. तुम्ही साध्या तापाला "आठ-दहा दिवस पूर्ण विश्रांती" लिहिता तेव्हा हे ध्यानात असतं का? आणि "जपून राहा" म्हणता तेव्हा? तो शब्द तुम्ही खोलीत उच्चारता आणि तो घरी येऊन कायदा होतो. आई, तू नको उचलू. आई, तू बस, मी देते. डॉक्टरांनी सांगितलंय ना जपायला? प्लॅस्टरच्या दिवसांत मी पाण्याचा तांब्याही उचलत नव्हते. मोडला होता उजवा हात, तरी डावा आणि दोन्ही पाय बिनकामाचे झाले होते. मुलांचा दोष नाही. त्यांनी तुमचा शब्द पाळला.

एक शब्द आणखी. "वयोमानानुसार." माझ्या फाईलमध्ये तो पाच ठिकाणी आहे, मी मोजलाय. या शब्दाने फाईल बंद होते. अमेरिकेतल्या एका संशोधकाने १९८९ मध्ये वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला ग्रीक शब्दांवरून सार्कोपेनिया असं नाव सुचवलं, ते एवढ्याचसाठी की नाव नसलेल्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकही मिळाला. केस पांढरे होणं वयोमानानुसार, मान्य. पण जे आठ आठवड्यांत नव्वदीतल्या माणसात उलट फिरवता येतं, त्याला त्याच शब्दाने कसं झाकता येईल?

माझ्या फिजिओथेरपिस्टने मला जे शिकवलं ते फार साधं होतं. आधी खुर्चीवर दोन जाड उशा, म्हणजे उठायची उंची कमी. हात छातीवर. "उठताना एक आकडा, बसताना चार आकडे," ती म्हणायची. उठणं झटकन, बसणं सावकाश. मी उठताना श्वास रोखून धरायचे. त्यावर ती हटकून ओरडायची, कारण त्याने बीपी चढतं. आठ वेळा, मग दोन मिनिटं बसायचं, पुन्हा आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधला दिवस सुट्टी. तीन आठवड्यांनी एक उशी गेली, सहाव्याला दुसरी. मग पाठीवरच्या पिशवीत एक किलो, दीड किलो, दोन किलो. ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, नंतर बोटं न टेकवता. एका पायावर उभं राहणं. पहिल्या दिवशी मी तीन सेकंद टिकले. मी वर्गात कधी कोणाला उठाबशा काढायला लावल्या नाहीत, त्या शिक्षेवर माझा विश्वास नव्हता. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार स्वतःच काढते आणि आमचे हे शेजारी उभे राहून मोजतात. गेल्या महिन्यापासून मोजता मोजता तेही काढू लागले आहेत. बॅगेचा विषय मी काढत नाही.

काल ३० सेकंदांत १४ झाल्या.

सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. मरून गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, एवढं मला कळतं. उजव्या मनगटात थंडीत ठणका असतो. आणि पडण्याला स्नायूंखेरीज कारणं आहेतच: नजर, झोपेच्या गोळ्या, उठल्यावर एकदम उतरणारं बीपी. ती बघणं तुमचंच काम, आणि त्यात मी शहाणपण शिकवणार नाही. व्यायाम प्रत्येकाला सरसकट द्या असंही माझं म्हणणं नाही. कोणाचं बीपी आटोक्यात नाही, कोणाची हृदयाची झडप अरुंद आहे, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय. कोणाला किती वजन चालेल, हे शेजारीपाजारी किंवा मोबाईलवरचा व्हिडिओ ठरवू शकत नाही. तुम्ही ठरवू शकता. म्हणून तर हे पत्र जिमवाल्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं. प्रथिनांचंही तसंच. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम रोज लागतात असं तज्ज्ञांचं मत आहे. पण माझ्या मैत्रिणीचं मूत्रपिंड अधू आहे. तिला किती, हे तुम्हीच सांगायचं.

मागणं एवढंच आहे. फाईलच्या पहिल्या पानावर, जिथे वजन आणि बीपी लिहिता, तिथे आणखी तीन रकाने आखा. ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठली. चार मीटर चालायला किती सेकंद लागले. एका पायावर किती वेळ उभी राहिली. दरवर्षी लिहा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा, जसं साखरेचं बघता. १३ च्या ११ झाल्या, ११ च्या ९ झाल्या, तर पडायची वाट न बघता फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्या. माझ्यासारखी हाड मोडल्यावर नको. त्या चिठ्ठीत कुठला व्यायाम, आठवड्यातून किती दिवस, वजन कधी वाढवायचं आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं, हे गोळीइतक्याच काटेकोरपणे लिहा. आणि आधी कधी पडलात का, हे विचारा. आम्ही आपण होऊन सांगत नाही. मुलं बाहेर जाणं बंद करतील, ही भीती असते.

माझी यंदाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. रक्त देईन, सोनोग्राफीसाठी पोटभर पाणी पिऊन बसेन, तुम्ही पेनने गोल काढाल ते आकडे ऐकेन. नंतर हात छातीवर घेऊन उठेन. तेव्हा पुढच्या वर्षीची तारीख जरा थांबून लिहा.

आपली,
एक पेशंट